वादळ चार तासांचं, अंधार पंधरा दिवसांचा: कोकणातल्या घरात काय काय भरून ठेवायचं

मे महिना अर्धा सरला की आमच्याकडे सगळ्यांच्या मोबाइलवर तेच चित्र फिरायला लागतं, अरबी समुद्रात फिरणारं ते पांढरं भोवरं, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं असतं "काळजी घ्या". आता काळजी घ्या म्हणजे नेमकं काय करा हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. दापोली-मंडणगड, श्रीवर्धन-मुरुड, खाली देवगड-मालवणपर्यंत कुठेही किनाऱ्याला घर असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट डोक्यात फिट्ट करा. वादळाच्या त्या चार-पाच तासांसाठी सामान लागतच नाही फारसं. तेव्हा पक्क्या खोलीत दार लावून बसायचं एवढंच काम असतं. सामान लागतं ते नंतर. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, दुपारभर धिंगाणा घातला आणि संध्याकाळपर्यंत पुढे निघूनही गेलं. पण विजेचे खांब आडवे, सुपारी-नारळ रस्त्यात, मोबाइलचे टॉवर बंद, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. म्हणजे लाईट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही, गिरण नाही, एटीएम नाही, पेट्रोल पंप नाही, रेंज नाही. एक तार तुटली की ही अख्खी माळ तुटते. तर तयारी करायची ती या माळेची, वाऱ्याची नव्हे.

आणि हे फक्त मे-जूनचं नाही बरं का. फयान वादळ आलं होतं ते ११ नोव्हेंबर २००९ला, दिवाळी होऊन गेल्यावर. तौक्ते मे २०२१च्या मध्यात, ते तर किनाऱ्यावर आलंसुद्धा नाही आपल्याकडे, बाजूने समुद्रातून गुजरातकडे गेलं तरी देवगड-मालवणात घरांची कौलं नि आंब्याची झाडं घेऊन गेलं. त्यामुळे "आपल्याकडे येणार नाही, गुजरातला जाणार आहे" हे ऐकून निवांत बसू नका.

सोपं काय आहे सांगू का, आपल्याकडे आगोटीची बेगमी करायची पद्धत आहेच. पावसाळ्याआधी सरपण, सुकी मासळी, मसाला, पापड, कुळीथ, तांदूळ हे घराघरात भरतातच. फक्त ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळते, ती पंधरा मेच्या आत उरकून टाका. अर्धं काम तिथेच झालं. उरलेलं खाली सांगतो.

पाणी

सगळ्यात आधी पाणी, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं विहीर आहे ना, मग कसली चिंता. विहीर आहे पण रहाट कुठाय? पंप बसवल्यावर रहाट काढून ठेवला नाहीतर पत्र्याखाली गंजत पडलाय. तो आताच बाहेर काढा, कण्याला तेल सोडा, दोर बदला. दोर शक्यतो सुती किंवा काथ्याचा जाड घ्या, नायलॉनचा बारीक दोर ओल्या हाताने ओढताना तळव्याची सालं काढतो, आणि दिवसाला वीस कळश्या काढायच्या असतील तर तिसऱ्या दिवशी कोणी विहिरीवर जायला तयार होत नाही. रहाट नसेलच तर निदान एक बादली आणि विहिरीच्या तळापर्यंत पोचेल एवढा दोर बाजूला ठेवा, मे महिन्यात पाणी किती खाली असतं ते माहितीच आहे.

पिण्याचं-स्वयंपाकाचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच माणसं, सात दिवस, म्हणजे १४० लिटर. आकडा मोठा वाटतो पण वीस लिटरचे सात कॅन झाले फक्त. कॅन नसतील तर हंडे, कळश्या, पिंप, झाकण असलेलं काहीही. वापरायचं पाणी वेगळं, त्यासाठी छपरावरची सिंटेक्स टाकी काठोकाठ भरून ठेवा. याचा दुसरा फायदा असा की भरलेली टाकी उडत नाही, रिकामी टाकी वाऱ्याने उचलून शेजारच्याच्या कौलावर नेऊन घालते. झाकण दोरीने आवळून बांधा.

वादळानंतर विहिरीत पालापाचोळा, मेलेली पाखरं, उधाणाचं नाहीतर शेतातलं पाणी काय काय जातं. ते पाणी तसंच प्यायचं नाही. फडक्यातून गाळून खळखळून उकळवा, उकळी फुटल्यावर एक मिनिट तरी राहू द्या. गॅस वाचवायचा असेल तर मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, आणून ठेवा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचं, अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीचा माणूस करतो, त्याला आठवण करायची, आपल्या मनाने ओतायची नाही.

एवढं करून कोणाचं पोट बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं हवीत घरात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा बरं का, पोह्यांचा नव्हे.

खाणं

इथे शहरातल्या याद्या आपल्याला चालत नाहीत. बिस्किटं, मॅगी ठीक आहे पोरांसाठी, पण दोन दिवसांत कंटाळा येतो. आपल्या घरात त्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं. पाच माणसांना दिवसाला दीड किलो तांदूळ धरला तर आठवड्याला दहा-अकरा किलो, पंधरा दिवसांचा दुप्पट. कुळथाची पिठी सगळ्यात कामाची, कमी पाणी, कमी गॅस, दहा मिनिटांत होते आणि भाताशी जाते. सुका जवळा, सोडे, बोंबील डब्यात. कोकमं, आगळ. मेतकूट, लोणचं. पातळ पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, नाचणीचं सत्त्व, तळलेले गरे. हे शेवटचं सगळं विस्तवाशिवाय खाता येतं आणि वादळाच्या दिवशी तेच लागतं, कारण त्या दिवशी चूल पेटत नाही आणि वाऱ्यात गॅस पेटवूही नये.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक गिरण. लाईट नाही म्हणजे दळण नाही, तांदळाचं-नाचणीचं पीठ आधीच दळून आणा, गहू नुसते घरात असून काय उपयोग. दुसरं मिक्सर. आमच्याकडे पाट्या-वरवंट्यावर आता कोणाचा हात चालत नाही, म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी हिरवं वाटण, आलं-लसूण, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं सुकं वाटण करून ठेवलं तर पुढचे काही दिवस घरातल्या बायका तुम्हाला दुवा देतील. सुकं वाटण जास्त टिकतं, ओलं पहिल्या दिवशीच संपवा. विळी-खवणी आहेच, नारळ तर काय, वादळानंतर अंगणभर पडलेले असतात.

फ्रिजचं असं आहे, दार उघडलं नाही तर साधारण चार तास गारवा टिकतो, गच्च भरलेला फ्रीजर असेल तर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. म्हणून दोन दिवस आधी फ्रीजरच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवत ठेवा, नंतर त्या प्यायलाही होतात. आणि फ्रीजरमधली ती जपून ठेवलेली सुरमई आधी खाऊन टाका, मुंबईचे पाहुणे येतील म्हणून ठेवू नका.

गॅसचा दुसरा सिलेंडर भरलेला पाहिजे, रस्त्यात झाडं पडली की गाडी येत नाही. तरी चुलीची सोय ठेवाच. सरपण पडवीत नको, पडवीचाच पत्रा आधी उडतो, चार-पाच भारे माजघरात नाहीतर आतल्या खोलीत ओढा, नारळाची सोडणं आणि किशी पण. काडेपेट्या घट्ट झाकणाच्या बरणीत, दमट हवेत नुसत्या ठेवल्या तर ऐन वेळी गुल चिखलासारखा होतो.

उजेड आणि मोबाइल

मेणबत्त्या कमी, टॉर्च जास्त. लाकडी माडीच्या घरात, वारा सुटलेला, त्यात मेणबत्ती, नको ते. माणशी नाही तरी खोलीगणिक एक टॉर्च आणि त्याचे सेल, चार्जिंगवाली असेल तर चार्ज करून. सोलरचा कंदील मिळाला तर उत्तम, वादळानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडतंच. रॉकेल आता मिळणं मुश्कील झालंय त्यामुळे जुन्या कंदिलावर विसंबू नका.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंखा, टीव्ही काही लावायचं नाही. रात्री दोन एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जिंग, बस्स, आणि दिवसा इन्व्हर्टर बटणावरून चक्क बंद करायचा, कारण नुसता चालू राहिला तरी तो बॅटरी खातो. असं काटकसरीने वापरलात तर तीन-चार दिवस आरामात निघतात. जनरेटर असलेल्यांनी तो घरात, पडवीत, खिडकीखाली कुठेही लावू नये, त्याच्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो, झोपेत माणूस जातो. लांब, उघड्यावर.

पॉवरबँक भरून ठेवा, पण त्याहून महत्त्वाचं, टॉवरच बंद पडला तर भरलेला मोबाइल काय कामाचा. म्हणून आधीच ठरवा, बाहेरगावचा एक नातेवाईक, पुण्याचा मामा म्हणा ठाण्याची आत्या म्हणा, त्याला सगळ्यांनी कळवायचं नि त्याने पुढे कळवायचं. फोन लागत नाही तेव्हाही मेसेज कधीकधी जातो, साधा एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून भिंतीला: ११२, अँब्युलन्सला १०८, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, लाईटची तक्रार १९१२. आणि सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घ्या हो, आकाशवाणी रत्नागिरी लागते त्यावर, अफवांपेक्षा बरं.

पैसे पण याच खात्यात येतात. लाईट नाही, रेंज नाही, मग क्यूआर कोड काय भिंतीवरची शोभा. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा ठेवा, पाचशेची नोट घेऊन वाडीतल्या दुकानात गेलात तर सुटे कोणाकडेच नसतात. गाडीची टाकी आधीच फुल करा, पण घरात कॅनमधून पेट्रोल साठवू नका.

औषधं

बीपी, शुगर, थायरॉइड, दम्याचा पंप, जे रोजचं आहे ते निदान तीन आठवड्यांचं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा किंवा चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दुकानात दाखवायला. इन्सुलिनवाल्यांचा प्रश्न वेगळा. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक वेळा २८ दिवस फ्रिजबाहेर चालतं, पण तापमान पंचवीस-तीस अंशांच्या आत पाहिजे, तुमच्या औषधाच्या कागदावर बघून घ्या. त्यासाठी आपला माठ. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, लहान मडक्यात पिशवीत गुंडाळलेलं इन्सुलिन, वरून ओलं फडकं, सावलीत आणि वारा लागेल असं. वाळू रोज भिजवायची. बर्फाला थेट चिकटवून ठेवायचं नाही, गोठलं की ते फुकट गेलं.

बाकी ताप-पोटाची औषधं, पट्टी, कापूस, जंतुनाशक, पॅड, लहान बाळ असेल तर दूध पावडर नि डायपर. मच्छरदाणी किंवा ओडोमॉस नक्की, पंखा नसताना त्या दमट रात्री कशा जातात ते ज्याने काढल्यात त्यालाच माहीत.

आणि गमबूट. हे सामान वाटत नाही पण सांगतो. पडलेली झाडं, चिऱ्यांचे ढिगारे, उडालेले पत्रे उचलताना फुरसं हा विषारी साप आणि विंचू हाताशी येतात, आणि साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरून लेप्टोचा ताप येतो, कोकणात तो दरवर्षी असतोच. जाड हातमोजे, गमबूट, आणि काठीने आधी ढिगारा हलवून मगच हात घालायचा. फुरसं चावलंच तर घट्ट बांधणं, चिरा मारणं, मांत्रिक काही नको, तो हात किंवा पाय हलवायचा नाही आणि सरळ ग्रामीण नाहीतर उपजिल्हा रुग्णालय, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं.

घराचं सामान

निसर्गनंतर ताडपत्री शोधत लोक तालुक्याच्या गावापर्यंत चालत गेले, आणि मिळाली ती काय भावाने ते विचारू नका. म्हणून घरात एक मोठी ताडपत्री, जाड, चारी कडांना रिंगा असलेली, अंदाजे घराच्या अर्ध्या छपराला पुरेल एवढी, आधीच. सोबत नायलॉनची दोरी, बाइंडिंग तार, पक्कड, हातोडा, खिळे, पत्र्याचे स्क्रू-वॉशर आणि जे-बोल्ट, कोयता, हातकरवत, शिडी. कौलारू घर असेल तर जादा कौलांची एक चळत मागच्या बाजूला भिंतीला टेकून, वादळानंतर कौलं बाजारात दिसत नाहीत. पत्र्यावर सुटे चिरे ठेवतात ते मला पटत नाही, पत्रा उचलला की तो चिराच खाली येतो. आडवा पाइप टाकून तारेने वाशांना आवळून घेणं चांगलं.

ताडपत्री टाकायला लगेच चढू नका मात्र. कौल ओलं, शेवाळलेलं, खाली वासा हललेला, वादळात वाचलेली माणसं दुसऱ्या दिवशी छपरावरून पडतात. आणि मधेच वारा एकदम पडला, शांत झालं, तर वादळ गेलं असं धरून बाहेर यायचं नाही. वादळाचा मध्य डोक्यावरून जात असला तर असंच होतं, थोड्या वेळाने उलट दिशेने वारा सुटतो आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळं केलेलं सगळं तो पाडतो. तुटलेली तार दिसली तर ती चालूच आहे असं समजा.

चेनसॉ, जनरेटर, उंच शिडी प्रत्येक घरात असायची गरज नाही. वाडीत बसून ठरवा कोणाकडे काय आहे, एक चेनसॉ असला तरी वाडीचा रस्ता मोकळा होतो, सरकारी माणसं येईपर्यंत वाट बघावी लागत नाही. गोठ्यात गुरं असतील तर पेंढा कोरड्यात आणि वादळाच्या वेळी दावं सोडलेलं, बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

कागद

सातबारा, आठ अ, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद. झेरॉक्स एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मूळ दुसऱ्या, दोन्ही पिशव्या अशा जागी की घर सोडायची वेळ आली तर हात घातला की मिळाल्या. फोटो मोबाइलमध्ये आणि बाहेरगावच्या त्या नातेवाइकाकडे पण. शिवाय आजच, वादळ नसताना, घराचे चारी बाजूंनी फोटो काढा, छप्पर, गोठा, बागेतली झाडं. नुकसान झालं तर आवरायला घेण्याआधी पुन्हा तेच फोटो त्याच जागेवरून काढा. तलाठी-ग्रामसेवक पंचनाम्याला येईपर्यंत सुपारीची पडलेली झाडं तोडून बाजूला करावीच लागतात, मग झाडं होती किती हा वाद निघतो. झाडं मोजून, बुंध्यावर चुन्याने नंबर घालून फोटो काढला की वाद मिटतो.

कधी काय करायचं

हवामान खात्याची पहिली सूचना साधारण ७२ तास आधी येते, मग ४८ तास, मग २४ तास. पहिली आली की दळण, औषधं, पैसे, पेट्रोल, सिलेंडर, कारण दुसरी आली की तीच रांग दुप्पट होते. ४८ तासांवर पाणी भरणं, झावळ्या नि सुके नारळ उतरवणं, डिश, अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या सगळं आत. २४ तासांवर चार्जिंग, वाटणं, सरपण आत, आणि खाडीकाठी किंवा पुळणीला घर असेल तर गुमान शाळेत नाहीतर उंचावरच्या नातेवाइकाकडे जायचं. कॅलेंडरमध्ये अमावास्या-पौर्णिमा पण बघा. निसर्ग ३ तारखेला आलं आणि ५ तारखेला वटपौर्णिमा होती, म्हणजे समुद्र आधीच उधाणाकडे होता. भरतीची वेळ आणि वादळाची वेळ एक आली की पाणी कुठवर येईल ते आजोबांच्या काळच्या खुणेवरून ठरवू नका.

मुंबईकरांसाठी शेवटचं. मेअखेरीस घर बंद करून परत निघताना मेनस्विच बंद, सिलेंडरची रेग्युलेटरची कळ बंद, टाकी भरलेली, खिडक्यांच्या कड्या आतून, गादी-गोधड्या पलंगावर वर उचलून आणि त्यावर प्लास्टिक. एक चावी शेजारच्या काकांकडे द्या आणि छपराची ताडपत्री, दोरी कुठे ठेवलीय ते त्यांना दाखवून जा, म्हणजे कौलं उडाली तर तुमची वाट न बघता ते झाकून तरी टाकतील. आणि वादळाच्या दिवशी त्यांना दर दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल करू नका, त्यांची बॅटरी त्यांना लागणार आहे.